निम्मी अमेरिका आपलीच

बाबा, झेंड्यांच्या कार्डांचा तो खोका आठवतो का तुम्हाला? कारखान्यातला अमेरिकन इंजिनीअर मायदेशी परत जाताना आपल्या मुलांचा खेळ तुम्हाला देऊन गेला होता. पुढे अमेरिकेतल्या एकेका राज्याचा झेंडा, मागे त्याचं नाव. मी तर वेडीच झाले. माझी शाळा खोपोलीला, इंग्लिश मीडियम. तुम्हाला एबीसीडी येत नव्हती, तरी घरात क्विझमास्टर तुम्हीच. जेवणं व्हायच्या आधी तुम्ही कार्ड वर धरता, विचारता, "सांग गं, ह्यो कुनाचा?" मी काहीतरी ओरडते. तुम्ही कार्ड उलटं करून, कपाळाला आठ्या घालून नीट बघता आणि म्हणता, "बराबर!" एकदा मी मुद्दाम आपल्याच गावाचं नाव घेतलं, "कुंभिवली". तेही बराबर! आई भाकरी थापायची थांबून इतकी हसली की तव्यावरची करपली.

त्यातले निम्मे झेंडे निळे होते, मधे गोल चित्र. तुम्ही एकदा ते सगळे वेगळे काढलेत, आणि बराच वेळ बघत बसलात. आपल्या वस्तीच्या कोपऱ्यावरही निळाच झेंडा ना! मग हळूच आईला म्हणालात, "आगं, निम्मी अमेरिका आपलीच हाय. ह्यांनी दीक्षा कवा घेतली?"

"इचारून या त्यांना," आई म्हणाली. "पन आदी भाकर खा."

मग कर्जतची शाळा-शाळांमधली क्विझ आली. आमच्या शाळेतून एकच जण जाणार होता. मी की शिळफाट्याच्या डॉक्टरांचा मुलगा, एवढंच ठरायचं होतं. मला रात्री झोप लागेना. आमच्या सरांनी शाळेतल्या निवडीसाठी माझीच कार्डं मागून घेतली, म्हणाले, आपल्याकडे राज्यांना असे झेंडे नसतात, अमेरिकेवर भागवू. हॉलमध्ये पालक बसलेले. तुम्ही शिफ्ट सुटल्यावर खाकी कपड्यांतच आलात आणि नेमके डॉक्टरांच्या शेजारी बसलात. तुम्हाला गप्प बसता येत नाही हे मला माहीत होतं.

आम्ही दोघं अगदी बरोबरीत. उरलं शेवटचं कार्ड. आधी बोलेल त्याचं उत्तर, चुकला तर बाद. सरांनी ते वर धरलं. निळं! मधलं चित्र त्यांच्या अंगठ्याखाली. माझं डोकं पार रिकामं. आणि मागून तुमचा आवाज, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा: "डॉक्टरसाहेब, आपलाच हाय ओ!"

डॉक्टरांच्या मुलाने कान टवकारले, हात वर केला आणि ओरडला, "ओहायो!"

"राँग," सर म्हणाले आणि कार्ड गठ्ठ्यात सरकवलं. ओहायोचा झेंडा दोन शेपट्यांचा असतो, हे त्यालाही माहीत होतं बिचाऱ्याला. तो रडवेला झाला, डॉक्टर तुमच्याकडे बघत राहिले, आणि तुम्ही त्यांचा हात हातात घेऊन म्हणालात, "पोरगं हुशार हाय तुमचं."

कर्जतला मी गेले.

घरी येताना टेंपोत तुम्ही विचारलंत, "कुठलं राज्य हुतं गं ते?" तुमचा चेहरा इतका फुललेला, की माहीत नाही असं म्हणवेना. तोंडाला आलं ते सांगितलं, कॅन्सस. मग पुढे कितीतरी वर्षं, दिसेल त्याला तुम्ही सांगत होतात, "आमच्या पोरीनं कॅन्सस वळखलं."

बाबा, ते कॅन्सस नव्हतं. कुठलं होतं ते मला आजही माहीत नाही. पण कॅन्ससच्या झेंड्यावर खाली ठळक अक्षरांत 'कॅन्सस' असं लिहिलेलं असतं. तेवढं तरी मी वाचलं असतं.