‘आली’ हा शब्द नदीच्या नावे

मी, गोरक्षनाथ भिमाजी कोथिंबिरे, वय सतरा, शिक्षन पाचवी पास आन सहावीतनं पळालेला, धंदा बापाच्या हाटेलात चहा करनं, ऱ्हानार मौजे थडीसांगवी, तालुका श्रीगोंदा, जिल्हा अहमदनगर, आज डोकं ठिकानावर असताना, कसली निशापानी न करता, कुनी मानगूट न धरता, राजीखुशीनं लिहून ठेवतो की, मी मेल्यावर माझ्या वस्तूंचं खाली लिहिल्यापरमानं व्हावं. ही लिहायची तऱ्हा मला ठावी हाय. अर्ज लिहिनारे भाऊसाहेब आमच्याच बाकड्यावर बसून लोकांची मृत्युपत्रं लिहित्यात आन मोठ्यानं वाचत्यात. ऐकून ऐकून पाठ झालंय.

अठरा पुरं झाल्याबिगर मृत्युपत्र चालत न्हाई, असं बी ते म्हनत्यात. पर नदी काय वयाचा दाखला इचारनार हाय का?

मरन कशानं यील ते आधी लिहितो. आमचं हाटेल नदीत हाय. काठाला न्हवं, नदीत. दोन सालं पानी आलं न्हाई, तवा एसटीच्या डायवरनं फरशी पुलाचा लांबचा वळसा सोडला आन गाडी सरळ वाळूतनं घालाया लागला. गाडी वाळूत थांबती म्हनून मानसं वाळूत, मानसं वाळूत म्हनून बाबांचं हाटेल वाळूत. चार मेढी, वर पाचट, खाली भट्टी. बाबा म्हनत्यात, "नदी मेली. आता ही सडक." रातीला भांडी राखाया मी तितंच निजतो.

मला वाटतं नदी मेली न्हाई. दुष्काळी कामाला मी वरच्या डोंगरावर खडी फोडाया गेल्तो. तितं गवताची काडी उरली न्हाई. जनावरांनी मुळ्या सुदीक खाल्ल्या, झाडं सरपनाला गेली. आधी पाऊस झाला की डोंगर पानी धरून ठेवायचा आन नदी पार संक्रांतीपतुर हळूहळू वाहायची. आता डोंगर पाटीगत गुळगुळीत झालाय. वर पडलं की सगळं एकदम खाली. नदी आली तर पहिल्यागत चालत येनार न्हाई, पळत यील. आन काल सांजच्याला वरच्या अंगाला ईज लवत हुती.

हे बाबांना तोंडानं सांगायचं तर माझा आवाज निगत न्हाई. मी बोललो की ते म्हनत्यात, "काय पुटपुटतो? साखर टाक." म्हनून लिहितो.

कलम एक. टायरच्या चपला धाकटा भाऊ छगन याला. त्यानं त्या चोरून घालून बघितल्यात, तवा मापाचा सवाल न्हाई.

कलम दोन. माझी शेळी आई केशरबाई हिला. शेळी बाबांच्या धोतराचा सोगा खाती. ती सवय मोडू नये.

कलम तीन. धड कानाचा कप हाटेलात एकच हाय, तो पुष्पावतीला. ती श्रीगोंद्याला शिवनकाम शिकाया जाती. तिला मी कायम त्याच कपात चहा दिला. आजपतुर तिच्याशी एवढंच बोललोय, "गरम हाय." कप का दिला असं तिनं इचारलं तर सांगू नये. न्हाई इचारलं तर सांगावं.

कलम चार. शाळेतले गुरुजी मला रोज उभं करून कविता म्हनाया लावायचे आन म्हनायचे, "खिडकीबाहेरच्या म्हशीला ऐकू गेलं पायजे." म्हशीला काय, मलाच ऐकू जायचं न्हाई. म्हनून शाळा सुटली. गुरुजींना मी काय बी ठेवत न्हाई. हे कलम त्यांना म्हशीसमोर वाचून दाखवावं.

कलम पाच. ‘आली’ हा शब्द. पूर ज्याला पहिला दिसंल त्यानं "आली रं आली" अशी हाळी घालायची आन बाकीच्यांनी गुरं घेऊन वर पळायचं, ही गावची जुनी रीत. पर नदी येईना, तवा तो शब्द एसटीला जडला. औंदा चैतात वर कुठं वळीव झाला आन सूर्यभान मेंढपाळ दरडीवरनं ओरडला, "आली रं आली!" काठाला लिंबाखाली बसलेली झाडून सारी मानसं गठुडी घेऊन खाली नदीत पळाली. पुढं गोजरबाई. ही शेंगा इकती. खिडकीतनं टावेल टाकून जागा धरन्यात तिचा हात कुनी धरत न्हाई.

सूर्यभान वरनं बोंबलतोय, "आगं नदी आली, नदी!"

गोजरबाई टावेल फिरवत म्हनती, "कोन का आलं असंना, जागा हाय का तेवढं सांग!"

तेवढ्यात पानी आलं. नडगीएवढंच हुतं, पर तिचा टावेल गेला, पाटी गेली, आन आमची किटली पुढच्या गावात घावली. बाबा म्हनले, "बघा, नदीनं फुकट भांडी इसळून दिली. हिच्यात आता एवढाच जीव हाय."

म्हनून ‘आली’ हा शब्द मी नदीच्या एकटीच्या नावे करतो. एसटीचा त्यावर हक्क ऱ्हानार न्हाई. गाडी दिसली तर "लागली" म्हनावं.

कलम सहा. घासलेटचा रिकामा डबा आन तो बडवायचं लाकूड सूर्यभानला. त्याचा आवाज मोठा हाय, पर मानसं शब्द ऐकत्यात आन आपल्याला पायजे तो अर्थ घेत्यात. डब्याचा अर्थ एकच.

कलम सात. हाटेलातली भांडी बाबांची हायेत, तवा ती मी कुनाला देत न्हाई. पर बाबांनी मला सांगितलंय, "काय बी झालं तरी भांड्यांजवळनं हालायचं न्हाई." मी हालनार न्हाई.

कलम आठ. हे मृत्युपत्र मी मेल्यावर वाचू नये. आधीच वाचावं, म्हंजी मराया लागनार न्हाई.

पुरवनी, त्याच दिवशीची. साक्षीदाराला मजकूर ठावा पायजे म्हनत्यात. माझ्या दोनी साक्षीदारांना, गोजरबाई आन सूर्यभानला, वाचता येत न्हाई, म्हनून हाटेलामागं वाळूत बसून मलाच वाचावं लागलं. कलम पाचाला गोजरबाई उसळली.

"‘लागली’ नगं! मला गाडी लागती. नुसतं ऐकलं तरी मळमळतं."

सूर्यभान म्हनला, "मग ‘मोटार’ म्हना."

"मोटार चालंल." तशी दुरुस्ती केली हाय.

कलम सात वाचलं. मग गोजरबाई म्हनली, "आन पानी आलं तर?"

"हालायचं न्हाई."

"आरं मुडद्या, हे बापाला सांगितलंस का?"

"त्यांना ऐकू जात न्हाई."

"मी सांगते की!" आन ती तितनंच बोंबलली, "भिमाजी! पळ! तुझ्या पोराचं मृत्युपत्र वाचत्यात!"

बाबा हातात चहाचं गाळनं घेऊन पळत आले. मला जित्ता बघून लई चिडले. गोजरबाई म्हनली, "वाच रं, सातवं." मी वाचलं.

बाबा म्हनले, "येडा हाईस का? पानी आलं तर भांडी सोडून पळायचं!"

"तुमी म्हनला, काय बी झालं तरी."

"ते चोरासाठी म्हनलो हुतो!"

"मग नदीसाठी काय म्हनता?"

बाबांनी भट्टीकडं बघितलं, मग वर लिंबाकडं. गाळन्यातला चहा धोतरावर गळत हुता, त्यांना पत्ता न्हाई. मग म्हनले, "तसा वर लिंबाखाली वारा बरा लागतो. गिऱ्हाईक बी टेकंल." आन पहिली मेढ सोताच उपटली. सूर्यभाननं पाचट डोक्यावर घेतलं. दुसरी मेढ काय निघंना. बाबा मला म्हनले, "बघतोस काय? हाक मार की मानसांना!"

मारली. कुनी बघितलं न्हाई. परत मारली. तवा वरची मानसं खाली बघाया लागली.

सामान वर गेल्यावर मी इचारलं, मृत्युपत्र फाडू का? बाबा म्हनले, "ऱ्हाऊ दे. पाऊसकाळ पुरा जायचाय." कलम सात तेवढं खोडलं. कप जित्तेपनीच देऊन टाक, असं गोजरबाई म्हनती. त्यावर माझा इचार चालू हाय.

लिहून ठेवनार: गोरक्षनाथ भिमाजी कोथिंबिरे

साक्षीदार: गोजरबाई खेतमाळीस, अंगठा. (काजळीचा हाय, अंगठ्याची शाई वर आनायची ऱ्हायली.)

साक्षीदार: सूर्यभान हंडाळ, अंगठा.

साक्षीदार, न बोलावता आलेला: भिमाजी कोथिंबिरे, सही. मजकूर ऐकला. लिहिनारा जिवंत हाय आन भट्टी लिपतोय.

तारीख: ९ जून १९७३, शनिवार, मिरगाचा दुसरा दिवस.

ठिकान: थडीसांगवी, नदीच्या बाहेर.