निघण्याआधीचं बसणं

बाबा, पॅसेजमधल्या तुमच्या बाकड्यावर सकाळपासून एक बाई कोट घालून, बॅग पायाशी घेऊन बसल्या आहेत. टॅक्सी यायला अजून पुष्कळ वेळ आहे. मी चहा नेऊन दिला तर दोन्ही हातांनी कप धरून हसल्या, पण कोट काही काढला नाही. मग मी इकडे किचनमध्ये आले, ओट्यावर कागद पसरला आणि तुम्हाला लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, त्यात कधी एक ओळ लिहिली नाही, आणि आज घरातून माणूस निघालेलं असताना मला हे सुचतंय. आई असती तर म्हणाली असती, हिचं नेहमीचंच, ऐन वेळी भलतंच काढायचं.

ते बाकडं आठवतं ना? तुमच्या हॉस्पिटलनं वेटिंग रूम नवी केली तेव्हा टाकून दिलेलं. तुम्ही पोर्टरला मस्का लावून ते घरी आणलंत आणि आई कितीतरी दिवस तुमच्याशी धड बोलली नाही. तीन माणसं बसतील एवढं. रेडिएटरकडचं टोक तुमचं. कुठंही निघायचं असो, मुंबईच्या विमानाला किंवा नुसतं समुद्रावर दोन दिवस, बॅगा दाराशी आल्या की तुम्ही त्या टोकाला बसायचात आणि शेजारच्या जागेवर तळहातानं दोनदा थोपटायचात. मग आई बसायची, मी बसायचे. कुणी बोलायचं नाही. घर इतकं गप्प व्हायचं की आतल्या फ्रीजची घरघर ऐकू यायची. मग तुम्ही 'चला' म्हणायचात आणि आपण उठायचो. का, म्हणून मी एकदा विचारलं तर म्हणालात, "बसल्याशिवाय निघायचं नसतं." बस्स! तुमची उत्तरं तुमच्या प्रिस्क्रिप्शनसारखी, वाचणाऱ्यानं काय ते समजून घ्यावं. ही आपल्या रत्नागिरीकडची पद्धत असणार असं मी धरून चालले.

तुमच्यामागं एकदा आत्याकडे गेले होते. परत निघताना तिच्या ओटीवर बॅगेवरच बसले, डोळे खाली, तोंड बंद. आत्या हातावर दही घालायला आली आणि घाबरलीच. "काय गं, पोटात दुखतंय का?" म्हटलं, आत्या, बसल्याशिवाय निघायचं नसतं ना. "कुणी सांगितलं तुला हे? निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, एवढंच. हे बसणं-बिसणं आपल्यात नाही हो." मी हसले. बाबांचंच काहीतरी खूळ, म्हटलं, आणि सोडून दिलं.

मग युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं. एका सकाळी टीव्हीवर तुमचं शहर. तुमचं म्हणजे, पोरवयात जिथं तुम्ही डॉक्टरकी शिकलात ते. त्या वर्षांबद्दल तुम्ही किती सांगितलंत? बर्फ, ट्राम, काळा पाव, हॉस्टेलच्या खिडकीत बाहेर टांगून ठेवलेलं दूध. आणि नाडी बघताना ओठातल्या ओठात रशियनमध्ये मोजायचात, ते आम्ही नुसतं ऐकायचं. टीव्हीवर एका इमारतीची पुढची भिंतच नव्हती. चौथ्या की पाचव्या मजल्यावरचं स्वयंपाकघर उघडं पडलेलं, खुंट्यांना कप तसेच लटकलेले. हेच ते हॉस्टेल का, हे मी शोधत राहिले. दात घासायचे राहिले, कामाला उशीर झाला.

त्या दिवसांत आपली गल्ली ओळखू आली नसती तुम्हाला. घराघराच्या खिडकीत निळापिवळा झेंडा. पहिला लावला समोरच्या म्हाताऱ्यानं, तोच, जो आपल्या कढीपत्त्याच्या वासाबद्दल कुरकुर करायचा. माझ्या फार्मसीच्या काउंटरवर बँडेज आणि लंगोटांचे ढीग. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं तावातावानं व्होडका रशियन म्हणून शेल्फवरून काढली. ती पोलंडची होती हे त्याला नंतर कळलं. मी सामान द्यायला तिकडून आलेल्यांसाठी उघडलेल्या मदतीच्या हॉलमध्ये गेले आणि तुमच्या शहराचं तुमच्या तोंडून ऐकलेलं रशियन नाव, 'खारकोव्ह', बोलून गेले, तर तिथली कोवळी युक्रेनियन पोरगी फटकन म्हणाली, "खारकीव्ह." मी शिवी दिली असावी तशी ती बघत होती. तिचं बरोबरच होतं म्हणा. इकडे मंडळाच्या गणपतीत तुमचे दोस्त काका प्रसाद खाता खाता सगळ्यांना ऐकवत होते, "रशिया आपला जुना मित्र. हिचे बाबा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "काका, बाबांच्या हॉस्टेलावर बॉम्ब पडतायत, तुम्ही त्यांच्या तोंडी शब्द घालू नका." आणि फार्मसीतली माझी सुदानी सहकारी गोळ्या मोजता मोजता एवढंच म्हणाली, "आमच्यासाठी कुणी खिडकीत काही लावलं नव्हतं." रागानं नाही, सहज. मी पुढची बाटली तिच्याकडे सरकवली. तुम्ही काय म्हणाला असता, ते मात्र मला कळेना. काकांपुढे तोरा मिरवला खरा, पण मलाही माहीत नव्हतं.

लोक तिकडच्या निर्वासितांसाठी घरं उघडत होते, पण बहुतेकांना लहान मुलं असलेली तरुण आई हवी होती. बाकड्यावरच्या या बाईंना कोणी घेईना. म्हाताऱ्या, एकट्या, इंग्रजी शून्य. तुमच्या शहरातल्या आहेत म्हटल्यावर मी हो म्हणाले आणि तुमची खोली झाडून घेतली.

आल्या तेव्हा बूट काढायला बाकड्यावर बसल्या, त्या मधोमध. दमल्या असतील, म्हटलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नाव घालायला निघालो. मी दार उघडलं, मागं वळून बघते तर या बाकड्यावर बसलेल्या, आणि शेजारच्या जागेवर तळहातानं थोपटतायत. दोनदा. अगदी तुमच्यासारखं, बाबा. मी विचार करायच्या आत जाऊन बसलेसुद्धा. फ्रीजची घरघर ऐकू आली. मग आम्ही एकमेकींकडे बघितलं. त्यांचा चेहरा माझ्याहून पांढरा पडला होता, मला हे कसं माहीत म्हणून. म्हणजे पद्धत तिकडची; जन्मभर तुम्ही ती तिथून इथवर वागवत आणलीत आणि आम्हाला पत्ता लागू दिला नाहीत. धन्य आहे तुमची!

तेव्हापासून आमचं रोजचंच झालं. ब्रेड आणायला जायचं तरी आधी बसायचं. घरातलं माणूस शेजारी येऊन बसल्याशिवाय त्या उठतच नाहीत. एकदा मी फोनवर अडकले तर यांनी बस जाऊ दिली, पण हलल्या नाहीत. दाराकडच्या टोकाला मी, मध्ये त्या. रेडिएटरकडचं टोक कायम मोकळं.

आमचं बोलणं फोनमधून होतं. त्या बोलतात, फोन भाषांतर करून मोठ्यानं सांगतो. तो मी इंग्रजीवर ठेवायला हवा होता, पण मी मराठीवर ठेवला. आई गेल्यानंतर या घरात मराठी बोलायला कुणी नव्हतं हो. लंडनहून मुलगी फोन करते ती इंग्रजीतच. तर आता किचनमध्ये मराठी ऐकू येते, लिफ्टमध्ये मजला सांगणाऱ्या बाईच्या आवाजात. तो आवाज मधूनच बाईंना पुरुष करून टाकतो, "मी बाजारात गेलो होतो." पहिल्यांदा आम्ही दोघी खूप हसलो, म्हणजे मी हसले म्हणून त्याही हसल्या. एकदा विचारलं, रेडिएटरपाशी बसत जा की, ऊब आहे. त्यांनी काहीतरी सांगितलं आणि फोन म्हणाला, "तिथे माणूस बसला आहे." मला वाटलं, चुकलं असेल भाषांतर. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.

आता खरी गोष्ट. या बाईंची भाषा रशियन. आईच्या मांडीवर शिकलेली. तुमच्या त्या शहरात निम्मे लोक तीच बोलायचे म्हणे. हॉलमध्ये त्यांच्याच देशाच्या बायका त्यांची भाषा ऐकून पाठ फिरवू लागल्या, तेव्हा यांनी ती सोडली. एकदम, विडी सोडावी तशी. युक्रेनियनमध्ये अडखळत बोलायचं, नाहीतर गप्प. दिवसचे दिवस घरात माणूस असून आवाज नाही. आणि एका सकाळी मी जिना उतरतेय तर पॅसेजमधून बोलणं ऐकू आलं. हलकं, भरभर, रशियन. तुमच्या नाडीच्या आकड्यांवरून मला ते सूर ओळखू येतात. त्या बाकड्यावर बसून रिकाम्या टोकाकडे मान वळवून बोलत होत्या. मध्येच थांबत होत्या, कुणीतरी उत्तर देईल एवढा वेळ. मग खुदकन हसल्या. मी जिन्यातच थांबून ऐकत राहिले.

नंतर विचारलं, ती भाषा तर तुम्ही सोडली होती ना? फोन म्हणाला, "याच्याशी चालते. याला राग येत नाही." मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, हे जाम क्रीपी आहे, तू खोलीला लॉक लावत जा." लॉक कसलं लावतेय! भीती वाटली नाही असं नाही. पण भीतीहून जास्त मला हेवा वाटला, बाबा. माझ्याशी तुम्ही कधी एवढं बोललात? मग एकदा त्या अशाच बोलता बोलता थांबल्या, माझ्याकडे वळल्या, आणि फोन म्हणाला, "तो विचारतो, तू अजून नखे खातेस का?" माझी नखं त्यांना रोज दिसतातच की. मी स्वतःला हेच सांगितलं. पण तोंडात ते कडू औषध आलं, तुम्ही परीक्षेच्या दिवसांत माझ्या बोटांना चोपडायचात ते, आणि मी हात पाठीमागं लपवले. या वयात!

आता गल्लीत झेंडे राहिले नाहीत. कुणी कधी काढले कळलंसुद्धा नाही. काउंटरवर लोक विचारतात, "त्या अजून आहेत तुझ्याकडे?" त्या 'अजून'मध्ये काय ते समजायचं. समोरच्या खिडकीत तेवढा एक उरलाय. तो म्हातारा मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात गेला, घर बंद आहे. झेंड्यातलं पिवळं उडून पार पांढरं झालंय. बाई रोज सकाळी पडदा सारून त्या खिडकीला हात करतात. तो वारला, असं मी सांगून पाहिलं. "मला माहीत आहे," फोन म्हणाला, "पण झेंडा त्याने काढला नाही." हल्ली माझाही हात वर जातो.

आणि आता या निघाल्यात. परत, तिथंच. थोरली बहीण आहे, गुडघे गेलेत, राहते पाचव्या मजल्यावर. वीज नसली की लिफ्ट बंद, पाणी बंद. मी भांडले, आरडाओरडा केला. "अहो, डोकं फिरलंय का तुमचं? तिथं रोज भोंगे वाजतायत!" माझा सगळा संताप त्या फोननं त्यांच्या भाषेत शांतपणे सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्या हातावर दोनदा थोपटलं. "ती वर आहे. पाणी कोण नेणार?" आणि हे ऐकणारी कोण? मी तुमची मुलगी, जिला तुम्ही हजारदा सांगितलंत की रोगी वरच्या मजल्यावर असला तर डॉक्टरनं वर जायचं असतं. काल त्यांना 'येते' म्हणायला शिकवलं. जीभ वळत नाही, तरी म्हणून दाखवतात.

मला त्यांच्यासाठी भीती वाटते, बाबा. त्या इमारतीसारखी त्यांचीही भिंत एका सकाळी टीव्हीवर दिसेल, खुंटीला कप असतील, आणि मी पुन्हा शोधत राहीन. आणि दुसरंही सांगते, लाजेचं असलं तरी. त्या गेल्या की तुमच्याशी कोण बोलणार? मला रशियन येत नाही, आणि मराठीत तुम्ही मला कधी उत्तर दिलं नाहीत. ते टोक मग नुसतं मोकळं राहील. तुम्ही कुठल्या बाजूचे असता, हे मी काकांशी, मंडळाशी, स्वतःशी भांडून शोधत होते, आणि तुम्ही सरळ त्यांच्या शेजारी बसून होतात. निदान त्या तरी तसं म्हणतात. मला ते खरं हवंय.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. मघाशी बाकड्यावर थोपटल्याचाही आला, दोनदा. मी गेले नाही. त्या काहीतरी बोलल्या, हलकं, आणि आता फोन पॅसेजमधून सांगतोय, त्या लिफ्टवाल्या आवाजात, "ये, मुली. आम्ही दोघे बसलो आहोत."

हा कागद कुठं पाठवायचा, तो ओट्यावरच राहील. टॅक्सीवाला हॉर्न देतोय. मी बसल्याशिवाय त्या निघणार नाहीत. शेजारी टेबलाला चार खुर्च्या आहेत, बाबा, आणि हे सगळं मी सकाळपासून उभ्यानं लिहिलंय.