भुरीचा डावा कान

२ नोव्हेंबर

पोटुशी हाय! आज हात लावून बघितलं.

भुरी सकाळी मागच्या दारी आली. जर्मलची ताटली वाजवली की येती, न्हाईतर कुणाच्या बापाला भीक घालत न्हाई. रानटी मांजर. घरात पाय ठेवत न्हाई, माझ्या सुनेची, मनिषाची नुसती सावली दिसली की भिंतीवर. माझ्यापाशी तेवढी येती. दुधात भाकर कुस्करून ठेवली. खाता खाता पोटाखाली हळूच हात घातला. आतनं ढुसणी लागली. मग आणखी एक. उगी खात राहिली. काल असाच हात नेला तर बोचकारलं होतं मेलीनं! पोटुशीचे चाळे — आज गोड, उद्या कडू. मनिषा दोन्ही बाळंतपणात अशीच होती.

खाणंबी वाढलंय. ताटली चाटूनपुसून जाती आन् घटकाभरानं परत दारात उभी, जसं काय मी दिलंच न्हाई.

सुनबाईला सांगितलं तर कपाळाला हात लावला. "आत्याबाई, परत? मागची पिल्लं आत्ता कुठं गेली."

गेली म्हणजे काय, आपल्या पायानं गेली? आनंदराजनं, माझ्याच लेकानं, पोत्यात घालून नाल्याच्या पल्याड टाकली. दूधपिती. भुरी लई दिवस ओरडत फिरली. तो म्हणतो, "माय, परत घाण केली तर परत पोतं." ह्याला मी शिकवून नोकरीला लावलं.

४ नोव्हेंबर

लुंबिनीचा फोन. नात माझी. लातूरला जनावराच्या डॉक्टरकीचं शिकती. तिच्या वर्गातली पोरंपोरी मिळून गल्लीतली मांजरं पकडतेत, आप्रेशन करतेत, खूण म्हणून डाव्या कानाचं टोक कापतेत आन् होतं तिथंच आणून सोडतेत. "आज्जी, पिंजरा घेऊन येते. भुरीचं करून टाकू. मग बाबाला पोतं लागणार नाही."

मला पटलं. सारखं आपलं बाळंतपण. मी काय सुईण हाय तिची?

पण आता न्हाई म्हणलं. पोटुशी हाय ती. आमच्या घरात गाभण गाईवर कुणी काठी उगारली न्हाई, आमचे मालक साहेबराव पिऊन आले तरी न्हाई. हे माणूस मला मारायचं, गाईला न्हाई! आत हाय ते बाहेर येऊ द्या, मग काय कापायचं ते कापा.

तर म्हणली, "तोवर बाबा थांबतोय होय? आधी तपासू तर दे. पोटुशी निघाली तर हात न लावता परत आणीन, बाळंतपण होईस्तोर मीच बाबाला बघते. जबान देते."

जबान! दुसऱ्या कुणी दिली असती तर हसले असते.

उन्हाळ्यात माझी बहीण सरजी गेली, धर्माबादला. मला बीपी हाय म्हणून घरात कुणी सांगितलं न्हाई. सगळे मातीला जाऊन आले आन् मला म्हणले लग्नाला गेलतो. मी इचारलं, जेवायला काय होतं? आनंदराज म्हणला, वांग्याची भाजी आन् बुंदी. बुंदी! त्याच दिवशी लुंबिनी फोनवर माझ्याशी हसून बोलली. तिलाबी मालूम होतं. कळल्यावर मी तिच्याशी बोलणं टाकलं. बाकीच्यांकडनं मला आशाच नव्हती, राग तिचा आला. मग पोरगी लातूरहून पळत आली. बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावली, पंचशील म्हणली, चौथं शील परत एकदा म्हणली — खोटं बोलणार न्हाई. "आज्जी, कितीबी वाईट असू दे, तुला खरं तेच सांगीन."

तवापासून ह्या घरात इतबार एकीवर.

८ नोव्हेंबर

आली. पिंजरा एस्टीत वरच्या फळीवर ठेवून आली. कंडक्टर म्हणला म्हणे, "ताई, कोंबड्या कुठंयत?"

आल्या आल्या माझ्या डोळ्यात बॅटरी मारली. उजवा तर साफ धुरकट झालाय, डाव्यालाबी पडदा धरायलाय म्हणली. "लातूरला तुझ्या डोळ्याच्या आप्रेशनची तारीख घेतलीय, आज्जी. एकविसाव्या तारखेला. नाही म्हणायचं नाही."

"आधी मांजराची तारीख काढ," म्हणलं. लई हसली. हसली की सरजीवाणी दिसती.

आज भुरीला काही घालायचं न्हाई म्हणली, उपाशी असली की पिंजऱ्यात शिरती. मागच्या दारी ओरडणं चालू. मी आत बसून तांदूळ निवडले. निवडलेलेच परत निवडले.

शेजारची मल्लम्मा भिंतीवरनं पिंजरा बघून म्हणली, "अक्का, आता मांजराचंबी कॅम्प लागलं का गं? आपल्याला बादली भेटली होती, तिला काय देणार?" खरंच की. मुलं बंद करायच्या कॅम्पात शाळेतले बाक जोडून त्यावर आडवं केलं होतं आम्हाला. पण मला आधी तपासलं होतं. पोटात काय न्हाई म्हणून सांगितलं, मग टाके.

९ नोव्हेंबर

पकडली. मी पकडून दिली.

पिंजऱ्यात सुकट ठेवली, वर माझं जुनं लुगडं टाकलं. भुरी लांबूनच वास घेती, फिरती, बसती, पण आत जाईना. लुंबिनी म्हणली, "आज्जी, तू वाजव ना. तुझ्याच आवाजाला येते ती." मी पिंजऱ्यामागं बसून ताटली वाजवली. रोजच्यासारखी.

आली. सरळ आत आली. खट् करून दार पडलं.

असं आपटलं तिनं अंग, पिंजरा नाचला! लुंबिनीनं झटकन लुगडं खाली ओढलं, अंधार झाला की गप होतेत म्हणे. मग म्हणली, "पोट काही मोठं वाटत नाही गं."

"उपाशी ठेवलीस, मोठं कसं वाटंल?"

बस सुटायच्या आधी तिचं मनगट धरून परत सांगितलं, पोटुशी असली तर? "तर परत आणते. किती येळा सांगू?" पिंजरा मांडीवर घेऊन गेली.

ताटली धुवून पालथी घातली.

१० नोव्हेंबर

सकाळी हातानं आपोआप दूधभाकर काढली. ठेवली तशीच दारात. दुपारी बघते तर ताटली रिकामी. मेला बोका. ह्याला बरी बातमी लागली.

११ नोव्हेंबर

आप्रेशन केलं!

मनिषानं फोन कानाला लावून दिला. लुंबिनी म्हणती, "आज्जी, झालं. भुरी शुद्धीवर आलीय, बरी आहे."

मी म्हणलं, म्हणजे कापली?

"अगं, पोटुशी नव्हतीच ती. सोनोग्राफी केली. सरांनीबी बघितलं. पोटात काही नव्हतं."

माझ्या हाताला लागलेली पिल्लं! म्हैस, गाय, शेळी, सुना, लेकी, कितीक पोटांवर हात ठेवला ह्या जन्मात. आतनं जीव हालतो ते मला कळत न्हाई?

"तुला भास झाला असंल, आज्जी. नाहीतर गॅस."

गॅस!

फोन मनिषाच्या हातात दिला. ती तिकडं तोंड करून हळूच बोलून राहिली — "हाव गं, होईल शांत. तू नको मनाला लावून घेऊ." हळूच बोलणं मला लई चांगलं ऐकू येतं. सरजी गेली तवाबी घरात असंच हळू बोलणं होतं.

१२ नोव्हेंबर

गॅसला पाय असतेत का?

१४ नोव्हेंबर

घेऊन आली. दार उघडल्याबरोबर भुरी गोळीवाणी भिंतीवरनं पल्याड. मागं वळून बघितलं न्हाई. माझ्याकडं कशाला बघंल? ताटली कुणी वाजवली?

लुंबिनीला पाणीबी इचारलं न्हाई मी. म्हणलं, "किती होती? तेवढंच सांग. तीन का चार?"

"आज्जी, नव्हती."

"चौथं शील म्हणून दाखीव."

तिचं तोंड उतरलं. मनिषा मधी पडली, "आत्याबाई, काहीबी काय बोलताव?" मी म्हणलं तू बुंदी खा. बुंदी खाऊन आलेली माणसं हाव तुम्ही, तुमचं बोलणं मला नको. हिचं पायजे. हिनं मेणबत्ती लावली होती.

लुंबिनी म्हणली, "खोटं बोलले तवा तू विश्वास ठेवलास. आता खरं बोलते तर ठेवत नाहीस. मग मी बोलू तरी काय?" वकिलासारखं बोलायला शिकली. लातूरला हेबी शिकवतेत वाटतं.

मी म्हणलं, काही बोलू नको. तुझ्या बापानं निदान पोतं उघड्यावर नेलं. तू लुगड्याखाली झाकून नेलंस. माझ्या लुगड्याखाली.

जेवली न्हाई. पिठलं केलं होतं, तिच्यासाठीच केलं होतं, ते तसंच. रिकामा पिंजरा उचलला आन् गेली. जाताना जयभीम घातला न्हाई. मीबी न्हाई.

१५ नोव्हेंबर

आनंदराज रागानं म्हणला, "माय, एका मांजरापायी पोरीला रडवलंस."

"मांजरापायी न्हाई. सरजीपायी."

तंबाखू मळत बाहेर गेला.

घरात आता कुणाला काय इचारायची सोय राहिली न्हाई. दुधाला पाणी घातलं का? न्हाई आत्याबाई. बिल भरलं का? हाव माय. सगळं गोडगोड. खरं काय, भिंतीला मालूम. आंधळ्या म्हातारीला कोणबी कायबी सांगावं.

ती एक होती.

१७ नोव्हेंबर

भुरी येत न्हाई. ताटली मात्र रोज रिकामी. बोका माजला. माजू दे.

१८ नोव्हेंबर

मनिषा भीत भीत म्हणली, "आत्याबाई, एकवीस तारीख जवळ आली. दवाखान्याची पिशवी भरून ठेवू का?"

जाणार न्हाई म्हणलं. सांग तुझ्या लेकीला. मला टेबलावर झोपवून आत काय घातलं, काय काढलं, ते बाहेर आल्यावर कोण सांगणार? तीच ना? राहू दे धुरकट. दिसून तरी काय बघायचंय ह्या घरात.

मनिषानं फोन लावून सांगितलं. तिकडनं काय उत्तर आलं ते मी इचारलं न्हाई. मनिषानं सांगितलं न्हाई.

२१ नोव्हेंबर

आज डोळ्याची तारीख होती. मल्लम्मानं आठवण केली. खोचून. "अक्का, तू तर दुसऱ्याच्या सुईत दोरा ओवायला जाणारी बाई, आता भाताबरोबर खडे खाय."

दुपारी भुरी आली! ताटली न वाजवता. लांब बसून राहिली. मी हालले न्हाई. मग हळूहळू जवळ आली, पाय घासला. धुरकट तर धुरकट, पण हात हायत मला. पोट चाचपलं. चपटं. एका जागी केस काढलेले, खरखर लागली. कान चाचपला, डावा. टोक जिथं पायजे तिथं बोट हवेत गेलं.

रडणारी बाई न्हाई मी. सरजीच्या मातीला नेलं असतं तर तिथं रडले असते तेवढंच.

पोटावरचा हात जास्त येळ राहिला तर बोचकारून गेली. तिचं बरोबर हाय.

२४ नोव्हेंबर

मागच्या दारी ताडपत्रीखाली जुना कूलर पडलाय. आज त्यातनं बारीक च्यांवच्यांव आली. हात घातला. वाळ्याच्या गवतात तीन गोळे, गरम. डोळे आत्ता उघडायलेत. त्यांच्याभोवती भुरी पडलेली. फिसकारली न्हाई, माझा हात चाटला.

तिचे कान चाचपले. उजवा. मग डावा. परत डावा. टोकासकट सबंद हाय.

ताटली वाजवली. कूलरातनं ही उतरली. आन् भिंतीवरनं दुसरी, कानतुटकी. दोघींनी एका ताटलीत तोंड घातलं. रंग एक, अंग एक. बहिणी असतील.

आनंदराजचं पोतं पाणी तापवायच्या चुलीत घातलं.

मनिषाला म्हणलं लुंबिनीला फोन लाव. तिनं उचलला. मग म्हणलं, डोळ्याची तारीख परत घे. लवकरची घे.