श्रुतीला सरळ विचारलं

४ ऑगस्ट
श्रुती आजही खो-खोला गेली नाही. जेवताना नुसती ताटाकडं बघत बसते. सुनंदा म्हणते, आपल्या पोरीला पीयूसीचा, बारावीचा अभ्यास, दुसरं काय. आईनं नातीवरनं मीठमोहऱ्या ओवाळल्या. मला दोन्ही पटेना. पण मग काय, तेही कळेना.

९ ऑगस्ट
तिची मैत्रीण अमृता दुकानात आली. नळाची तोटी बघायला म्हणून. तोटी घेतलीच नाही. "काका, श्रुतीनं तिची सगळी कानातली मला दिली. 'मला आता काय करायचीत' म्हणाली. जरा बघा वो." रडवेली झालेली. शटर ओढून घरी.

श्रुती गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. मी चिमटे गोळा करत राहिलो. शेवटी सरळच विचारलं, "जगू नये असं वाटतंय का गं?"
टॉवेलची घडी घातली तिनं. मग, "व्हय, आप्पा."
"बरं झालं सांगितलंस," एवढंच सुचलं. तिथंच बसलो दोघं. सुनंदाला वर हाक मारली.
फवारणीची औषधं भावाच्या, अण्णाच्या घरी नेऊन कुलपात ठेवली.

११ ऑगस्ट
बेळगावला, मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडं. निघताना आई म्हणाली, "कुणी विचारलं तर?" सुनंदा म्हणाली, "दवाखान्यात गेल्यात म्हणायचं."
घरात गप्प असलेली पोरगी बाईंशी कन्नडमध्ये बोलायला लागली, ती थांबेचना. 'साकाग्यादरी', पुरे झालंय. झोप नाही. सगळ्यांना आपलं ओझं. ओझं? हे तिला कुणी...
मग बाईंनी आम्हाला बाहेर बसवलं.
गोळ्या. दर आठवड्याला यायचं. आजार आहे, वेळ लागेल. एकटी ठेवू नका, पण पोलिसासारखा पहाराही नको. हे जमवायचं कसं?

२ सप्टेंबर
परवा दोन घास जास्त. काल अंथरुणातनं उठली नाही.
अण्णा म्हणाला, "पोरीला लई लाडावून ठेवलीस."
"औषधं तुझ्या घरात कुलपात का हाईत, ते आठव आधी."
उठून गेला. संध्याकाळी पेरू घेऊन आला, तिच्याजवळ बसला.

१४ सप्टेंबर
श्रुती आपणहून दुकानात आली. "सकाळपासनं पुन्हा तसंच वाटायलंय. म्हणून आले."
गिऱ्हाईक होतं, त्याला नंतर या म्हटलं. बाईंना फोन लावला. उद्याच घेऊन या म्हणाल्या.
चहा अर्धा प्याली. "हे कधी जाईल का वो, आप्पा?"
"मला म्हाईत न्हाय गं. उद्या दोघं मिळून विचारू."
मान हलवली. माझ्या शेजारीच बसून राहिली.