आभाच्या गाण्यातील माझा अर्धा हिस्सा

मी, सरला वामन देवस्थळी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, सरकारी बँकेतून निवृत्त, राहणार डमडम, कोलकाता, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणून पाहणारे एक गृहस्थ आहेत, त्यांचा समाचार योग्य कलमात घेतला आहे. प्रकृती उत्तम आहे. डॉ. मीनाक्षी यांनी बोलणे कमी करा असे सुचवले होते, ती सूचना मी विचारान्ती फेटाळली. याआधी केलेली मृत्युपत्रे रागाच्या भरात केलेली होती. ती सर्व या लेखाने रद्द समजावीत. हे शांतपणे केले आहे. वाचताना तसे वाटले नाही तरी ते तसेच आहे.

मराठीत का, असे कोर्ट विचारील. नोकरीभर मी इंग्रजीत व्यवस्थापनाला उत्तरे लिहिली, बंगालीत गेटसभा गाजवल्या आणि हिंदीत भाजी घेतली. मरणाविषयी बोलायचे तर घरच्या भाषेत बोलेन. इंग्रजी भाषांतर कोर्टासाठी लागेल ते अ‍ॅडव्होकेट विनीता यांनी करावे. विशेषणे गाळू नयेत.

कलम १. याच विनीता, ज्या माझ्या खालच्या मजल्यावर राहतात, या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक असतील. त्यांना माझा स्वभाव माहीत आहे आणि तरीही त्या तयार झाल्या.

कलम २. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयास द्यावा. शोकसभा घ्यावी, पण तीत कोणी मला ‘प्रेमळ’ किंवा ‘मितभाषी’ म्हटल्यास त्याच्या हातून माइक काढून घेण्याचा अधिकार विनीता यांना देत आहे.

कलम ३. डमडमचे राहते घर, स्वकष्टार्जित, माझी भाची आभा चंद्रकांत देवस्थळी हिला. माझ्या भावाची बदली चेन्नईला झाली तेव्हा ती कॉलेजात होती. माझ्याकडे राहिली ती राहिलीच. घराला एकही अट नाही. आधीच्या मृत्युपत्रात अटी होत्या. पण अट घालून दिलेले घर म्हणजे कंपनीचे क्वार्टर, आणि क्वार्टर खाली करायला लावणाऱ्यांशी मी जन्मभर भांडले आहे. लग्नानंतरही हे घर तिचेच राहील. कुलूप तिचे, किल्ली तिची. रागावून यायला बाईला एक पत्ता असावा.

कलम ४. बँकेतील ठेवी आमच्या बँक कर्मचारी संघटनेच्या निवृत्तांच्या औषधनिधीला. आकडे विनीता यांच्याकडे आहेत. येथे देत नाही, कारण आकडे दिसले की माणसे पुढचे वाचत नाहीत.

कलम ५. किरकोळ वस्तू. पुस्तके येथील आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयाला. पुस्तकांवर मी पेन्सिलने केलेले खंडन पुसू नये. भिंतीवरचे घड्याळ मंडळाचे कार्यवाह मनोहर यांना. माझ्या प्रत्येक भाषणात त्यांचे लक्ष घड्याळाकडेच असे, आता स्वतःचे असू द्या. पुरणयंत्र माझी मैत्रीण सुधा हिला. ती म्हणेल की ते तिचेच आहे. तिचेच आहे. हातात धरायचा भोंगा खिदिरपूरच्या कंत्राटी कामगारांचे पुढारी नूर यांना, सेलसकट.

कलम ६. आता मुख्य मालमत्तेकडे येते. ती म्हणजे एक गाणे.

क्षितिज हा सुधाचा मुलगा, सेक्टर फाइव्हमध्ये संगणकाच्या कंपनीत आहे. आभा आणि तो लग्न करणार हे मंडळात सर्वांना माहीत होते. फक्त कधी, हे क्षितिजला माहीत नव्हते. आधी त्याचे अप्रेझल होते, मग परदेशी जायचे होते, मग त्याच्या वडिलांचा गुडघा होता. शेवटी आभाने संबंध तोडला, घरी आली आणि गिटार पोटावर ठेवून सोफ्यावर झालमुडी खात पडून राहिली. मी कारण विचारले.

“आत्या, तो डेटच देत नाही.”

“लेखी माग.”

“प्रेमात लेखी नसतं.”

“म्हणूनच फसवणूक होते,” मी म्हणाले.

तिला त्याच्यावर गाणे करायचे होते. चाल तयार होती. प्रकार कंट्री-पॉप. मी त्याविषयी वाचले. अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखातले गरीब खाणकामगार आणि शेतमजूर अंगणात बसून जे दुःख गात, त्याला दुकानदारांनी चकचकीत कागदात गुंडाळले की कंट्री-पॉप होते. म्हणजे मुळात हा कामकऱ्यांचाच माल. माझा विरोध मावळला. शब्द मात्र आभाला मराठीत हवे होते, आणि तिचे मराठी कोलकात्यात वाढलेल्या मुलीचे. इंग्रजीत का नको, असे मी विचारले, तर म्हणाली, “इंग्लिशमध्ये त्याला काहीच लागत नाही. मराठीत म्हटलं तर आई रागावल्यासारखं वाटेल.” कारण शास्त्रशुद्ध होते. मी लेखणी उचलली.

कविता मी कधी केली नव्हती. मला लिहिता येते ते मागणीपत्र. आधी पार्श्वभूमी, मग अन्यायाचा तपशील, मग मागण्या, मग मुदत, मग इशारा. तेच मी यमकात लिहिले. शेजारच्या गल्लीतला पलाश आभाबरोबर बँजो वाजवतो. त्याने कागद पुन्हापुन्हा उलटून पाहिले आणि अत्यंत नम्रपणे विचारले, “पिशी, एटा गान, ना मीटिंग?” आत्या, हे गाणे आहे की सभा, असे त्याला म्हणायचे होते. दोघांनी मिळून माझी सर्व पार्श्वभूमी कापली. मुदत कापली. जागतिक परिस्थितीवरचे कडवे तर वाचलेसुद्धा नाही. उरले ते एवढे:

परमनंट करतो म्हणालास, तारीख देत नाहीस,
रोज उद्या, रोज उद्या, उद्या येत नाहीस.
कंत्राटावर प्रेम माझं किती वर्षं चालवू?
चोलबे ना, चोलबे ना, सगळे गेटवर बोलवू.

हेच आभा फिरवून फिरवून गाते. ‘चोलबे ना’ म्हणजे ‘चालणार नाही’, इथल्या प्रत्येक मोर्चाची घोषणा. कापलेल्या कडव्यांबद्दलचा माझा निषेध येथे नोंदवते. मात्र चौथी ओळ ती गाते तेव्हा माझा पाय ताल धरतो, हेही प्रामाणिकपणे नोंदवते.

पहिला प्रयोग मंडळाच्या गणेशोत्सवात झाला. कार्यक्रमपत्रिकेत ‘सुगम गायन, कु. आभा’ असे छापले होते, त्यामुळे लोक डोळे मिटून बसले होते. क्षितिज आई-वडिलांबरोबर पुढच्याच रांगेत होता. पहिल्या ओळीला डोळे उघडले. दुसऱ्या ओळीला सर्वांच्या माना क्षितिजकडे वळल्या. ‘चोलबे ना’ आले तेव्हा मराठी माणसे गप्पच राहिली, पण मागे उभे असलेले बंगाली मांडववाले आणि आचारी यांना या शहरात ते दोन शब्द ऐकून गप्प राहता येत नाही. त्यांनी मुठी वर करून साथ धरली. मनोहर यांनी माइक बंद केला. मी पिशवीतून भोंगा काढून आभाच्या हाती दिला. क्षितिज लाल कानांनी बाहेर गेला. प्रसाद वाटताना सुधाने मला फुटका मोदक दिला. मी तो खाल्ला. मोदकाचा काही दोष नव्हता.

कोणीतरी फोनवर चित्रण केले होते, ते फिरत फिरत खिदिरपूरला पोचले. तेथे माल हाताळणाऱ्या एका कंपनीतले कंत्राटी मजूर कित्येक वर्षे कायम होण्याची वाट पाहत होते. त्यांच्या गेटवर मी अनेकदा बोलले आहे. नूर यांनी फोन करून अर्थ विचारला, मी हिंदीत सांगितला, तर ते म्हणाले, “दीदी, ये तो हमारा ही है. लड़की को कैसे मालूम?” दुसऱ्या दिवसापासून पाळी सुटली की गेटवर तेच गाणे. कोणी डबा वाजवी, कोणी साखळी.

आता त्या कंपनीचा कामगार व्यवस्थापक कोण? क्षितिजचे वडील, श्री. रमेश. आपल्या मुलाचा प्रेमभंग शेकडो माणसे आपल्या खिडकीखाली तालात गात आहेत, हे दृश्य फार थोड्या अधिकाऱ्यांच्या वाट्याला आले असेल. त्यांनी मला फोन केला. “सरलाताई, माझ्या घरातलं भांडण माझ्या गेटवर कोणी आणलं?”

मी म्हटले, “रमेश, तारीख न देणं हे तुमच्या घरातच आहे. मुलगा कुठून शिकला?”

त्यांनी फोन ठेवला. परंतु गाणे थांबेना. ज्या माणसाला मी भाषणांनी हलवू शकले नव्हते, त्याला चार ओळींनी हलवले. कंपनीने बोलणी करण्याची तारीख दिली, लेखी दिली, आणि पुढे पहिली तुकडी कायमही झाली. त्याच सुमारास क्षितिज डमडमला आला. त्याने लग्नाची तारीख आभाला ईमेलने कळवली होती आणि प्रत मला पाठवली होती. असा मुलगा अगदीच वाया गेलेला नसतो. लग्न माघात ठरले.

येथे सर्व संपायला हवे होते. पण तोवर आभा आणि पलाशने गाणे रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकले होते, आणि रमेश यांनी अट घातली की पत्रिका छापण्याआधी ते सगळीकडून काढून टाकावे. त्यांच्या मते सासऱ्याच्या गेटवर वाजलेले गाणे सुनेच्या आवाजात राहणे शोभत नाही. हे गाणे आभा आणि मी, दोघींच्या संमतीशिवाय निघत नाही. चाल तिची, शब्द माझे, तसा करार विनीता यांनी करून ठेवला आहे. आभा माझ्यापुढे येऊन बसली.

“आत्या, काढून टाकूया का? आता तर त्याने डेट दिली ना.”

मी उभी राहून बोलले. तारीख मिळाली म्हणून मागणी खोटी ठरत नाही, कायम झालेला मजूर घोषणा पुसत फिरत नाही, ज्यांनी ते गायले त्यांचेही ते आहे, असे बरेच. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, “पण त्या घरात मला राहायचंय. तुला नाही.”

व्यासपीठावर मला कोणी कधी असे खाली बसवले नव्हते. मी खाली बसले, आणि हे मृत्युपत्र त्यानंतर लिहायला घेतले.

कलम ७. मी हयात असेतो माझी संमती मिळणार नाही. प्रश्न माझ्या पश्चात माझ्या अर्ध्या हिश्श्याचे काय, हा आहे. तो आभाला दिला, तर त्या घरच्या जेवणाच्या टेबलावर कोणी ना कोणी रोज गोड बोलून मागेल, आणि मुलगी मनाने मऊ आहे. एके दिवशी आमटी वाढता वाढता देऊन टाकील. कामगारांना दिला, तर गाणे जिवंत राहील, पण ज्या मुलीला तारीख मिळत नव्हती तिला ते विसरतील. मला दोन्ही नको.

म्हणून मी क्षितिजला एकट्याला चहाला बोलावले आणि गाण्याविषयी मत विचारले. त्याने चहा बशीत ओतला. मग म्हणाला, “आत्या, मी ते बसमध्ये ऐकतो. चाल मस्त आहे. पण मी एवढा वाईट नाहीये.”

“हे सिद्ध कसं करशील?”

त्याला सुचले नाही. मला सुचले.

सबब, सदर गाण्याच्या शब्दांवरील माझा संपूर्ण हक्क मी श्री. क्षितिज रमेश यांना देत आहे, ज्यांच्याविरुद्ध ते लिहिले आहे. त्यांना ते ठेवण्याचा किंवा आभाच्या संमतीने काढण्याचा पूर्ण अधिकार राहील. याही कलमाला अट नाही, फक्त एक खुलासा आहे. ज्या दिवशी ते गाणे काढतील, त्या दिवशी त्यातला शब्दन् शब्द त्यांच्याबाबत खरा ठरेल. ठेवतील तोवर तो खोटा आहे, आणि रोज कोणीतरी ऐकेल त्या प्रत्येक वेळी खोटा ठरेल. नवरा म्हणून याहून चांगले प्रशस्तिपत्र मी लिहू शकत नाही.

कलम ८. कापलेली सर्व कडवी पलाशला. जागतिक परिस्थितीवरचे त्याने निदान वाचावे.

साक्षीदारांविषयी. साक्षीदाराने मी सही करताना पाहायचे असते. मजकूर वाचण्याचे कारण नसते. पहिल्या साक्षीदार डॉ. मीनाक्षी आहेत. दुसरे म्हणून मी मुद्दाम श्री. रमेश यांना बोलावले असून मजकूर वाचू नका असे त्यांना बजावणार आहे. मी जे करू नका म्हटले ते त्यांनी आजवर केलेच आहे.

येणेप्रमाणे माझे म्हणणे पुरे झाले. आयुष्यात प्रथमच कोणी घड्याळाकडे पाहिले नाही.

सरला वामन देवस्थळी
डमडम, कोलकाता
रविवार, ८ डिसेंबर २०२४

साक्षीदार १: डॉ. मीनाक्षी. माझ्यासमक्ष सही केली. पूर्ण शुद्धीवर आहेत. बोलणे कमी केलेले नाही.

साक्षीदार २: रमेश. सही माझ्यासमक्ष झाली. वाचू नका म्हटल्यामुळे सर्व वाचले. कलम ६ मधील माझ्याविषयीचा मजकूर एकतर्फी आहे. पुरणयंत्र आमचेच आहे. कलम ७ बाबत क्षितिजशी मी बोलणार नाही, त्याचे तो बघेल. ‘सगळे गेटवर बोलवू’ ही ओळ चालीत ओढावी लागते, हे गेटवर रोज ऐकून माझ्या लक्षात आले आहे. लग्नात म्हणण्याआधी तेवढी नीट बसवून घ्यावी.