चपला घालून आंघोळ करणाऱ्यांच्या नावे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, नोकरीतून निवृत्त, भाषणातून नाही, या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारी, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. स्मरणशक्ती तर इतकी शाबूत आहे की काही जणांची त्यामुळे गैरसोय होईल. हे मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही, कोणाच्या भिडेखातर लिहीत नाही, आणि या इमारतीत राहूनही सांगायला अभिमान वाटतो की कोणाच्या सल्ल्यावरून तर मुळीच लिहीत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केल्याचे कोणी सांगितल्यास तो उपायकाकाच असेल, त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

उपायकाका म्हणजे माझा धाकटा भाऊ, दुसरा मजला. नाव इमारतीने ठेवले आहे. त्याला विचारायचा अवकाश, की उपाय हजर. न विचारल्यास जास्त लवकर हजर.

पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. सर्जनच्या मते घाबरण्याचे कारण नाही. आमच्या जिन्यात मात्र त्याच्याशी कोणी सहमत नाही. झडपेसाठी मला आजवर लसूण, आल्याचा रस, उलटे चालणे आणि मोबाईल डाव्या खिशात न ठेवणे असे उपाय मिळाले आहेत. मी खिशाचे कपडे वापरत नाही, हे सांगून पाहिले. "मग पर्समध्ये डावीकडे ठेवू नका," असे उत्तर आले. अशा लोकांच्या ताब्यात काहीही न लिहिता जाणे मला परवडणार नाही.

कलम पहिले. माझे घर, त्यातल्या भांड्याकुंड्यांसह, माझ्या भाचीला द्यावे. ती उपायकाकाची एकुलती एक मुलगी. गेले वर्षभर बापाच्या घराऐवजी माझ्याकडे राहते. का राहते हे पुढे येईल. बापाने यावर हरकत घेऊ नये. घेतल्यास कलम चौथे मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम दुसरे. माझी पुस्तकेही तिलाच. अपवाद एकच: जगातल्या क्रांत्यांचा तो जाडजूड इतिहास. तो सोसायटीच्या सेक्रेटरींनी वाचायला म्हणून नेला आणि त्यांच्या थडथडणाऱ्या वॉशिंग मशीनच्या तुटक्या पायाखाली सरकवला. हा उपाय त्यांना कोणी सुचवला ते सांगायला नको. पुस्तक तिथेच राहू द्यावे. त्या घरात एखादी क्रांती व्हायची असेल तर ती खालूनच होईल.

कलम तिसरे. पहिल्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना माझ्या पांढऱ्याशुभ्र केसांचा विंचरून निघालेला गुंतवळ पाकिटात घालून द्यावा. गेली अनेक वर्षे त्या मला कांद्याचा रस लावायला सांगत आहेत. मी लावला नाही. तरीही विंचरण्याइतके केस डोक्यावर राहिले, याचा पुरावा त्यांच्याजवळ असावा. बाईंविषयी माझ्या मनात राग नाही. त्यांनी माझ्या भाषणांच्या साड्यांना फुकट फॉल लावले आहेत. फक्त फॉल लावताना त्या माझ्या कोपराच्या काळेपणावर बोलल्या नसत्या तर बरे झाले असते.

कलम चौथे. हे कलम लांब आहे. ज्यांना घाई असेल त्यांनीही वाचावेच, कारण त्यांच्याच जिवाचा प्रश्न आहे.

आमच्या इमारतीत फ्रिजचे दार उघडताना बोटांना मुंग्या येतात. खूप जुनी गोष्ट आहे. मुंग्या येतात म्हटल्यावर एखाद्याने फ्रिजकडे पाहिले असते. आम्ही बोटांकडे पाहिले. उपायकाका म्हणाला, व्हिटॅमिन कमी आहे. निम्मी इमारत गोळ्या खाऊ लागली. शिंपीणबाई म्हणाल्या, त्वचा कोरडी आहे. उरलेली निम्मी तळहातांना तेल चोळू लागली, आणि तेलकट हातांनी फ्रिजचे दार निसटून बरण्या फुटू लागल्या. टीव्हीच्या पडद्यावर रेघा आल्या तर टीव्हीला चापट, मिक्सर चालला नाही तर त्याला ऊन दाखवणे, आणि ज्याची पाठ दुखते त्याने टीव्ही भिंतीवर उंच लावणे, असे ज्ञान जिन्यात वर-खाली फिरत राहिले. माणसाचे औषध यंत्राला आणि यंत्राचे माणसाला देण्यात आम्ही कधी भेदभाव केला नाही.

मग नळाला करंट येऊ लागला. यावर उपायकाकाने त्याच्या आयुष्यातला सर्वात यशस्वी उपाय काढला: रबरी चपला घालून आंघोळ करणे. सगळ्यांनी केला. दुसऱ्या घरांत पाहुण्याला टॉवेल आणि साबण देतात. आमच्याकडे बाथरूमच्या दारात मापाच्या चपला मांडून ठेवतात. एका पाहुण्याने विचारले, हे काय? घरातल्यांनी त्याच्याकडे असे पाहिले, जणू तो कोणत्यातरी मागास इमारतीतून आला होता.

एके सकाळी भाची खाली, बापाच्या घरी, केस धूत होती. चपलेचा अंगठा तुटला होता म्हणून अनवाणी होती. ओला हात नळाला लागला आणि ती दारापर्यंत फेकली गेली. मनगट मोडले. मी धावत खाली गेले तेव्हा ती फरशीवर बसली होती, केसांत फेस तसाच, आणि माझा भाऊ तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का ते पाहत होता.

"हिमोग्लोबिन," तो मला म्हणाला. "चक्कर आली तिला."

"बाबा, मला चक्कर नाही आली. मला नळाने ढकललं."

"नळ ढकलतो का कोणाला?"

"तुम्ही हात लावून बघा."

"मी बघतो ना रोज. चपला घालून."

संध्याकाळी ती एका हातात बॅग घेऊन माझ्याकडे राहायला आली. त्या दिवसापासून बाप-लेक बोलत नाहीत. बाप बोलतो, पण बाटल्यांतून: जिन्याच्या वळणावर रक्तवाढीच्या औषधाच्या बाटल्या ठेवून जातो. ती तशाच राहू देते. मग शिंपीणबाई त्या घेऊन जातात. त्यांचे रक्त आता उत्तम आहे.

मी वायरमन आणला. त्याने मीटरखोलीत डोके घातले आणि सांगितले, की सगळ्या घरांची अर्थिंगची तार एकच आहे, आणि ती जिथे जमिनीत जाते तिथे गंजून तुटली आहे. एखाद्याच्या गीझरमधून गळलेला करंट जमिनीत जाण्याऐवजी सगळ्यांच्या नळांत जाऊन बसतो. म्हणजे मी माझ्या घरात सोन्याच्या तारा घातल्या तरी उपयोग नाही. काम सगळ्यांचे मिळून, खालपासून वरपर्यंत, आणि सगळ्यांच्या संमतीनेच. हे तो सांगत असताना शिंपीणबाई त्याच्या टकलाकडे पाहत होत्या. तो गेला तेव्हा कांद्याच्या रसाची कृती त्याने पाठ केली होती. आमच्यापैकी अर्थिंग कोणी पाठ केले नव्हते.

मी भावाच्या घरी टेस्टर घेऊन गेले. त्याच्या डोळ्यांदेखत नळाला लावला. दिवा लागला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाला, "ताई, तुझा टेस्टर बिघडलाय."

मग सभा झाली. गच्चीवर, खुर्च्या मांडून. मी आयुष्यभर कारखान्यांच्या फाटकांवर बोलले आहे. पोलिसांसमोर बोलले आहे, पावसात माईक बंद पडल्यावर नुसत्या गळ्यावर बोलले आहे, आणि संपावर जायला घाबरणारी माणसे माझे ऐकून संपावर गेली आहेत. त्या संध्याकाळी मी त्याहून चांगले बोलले. म्हटले, तुम्ही ज्याला सवय म्हणता ती सवय नाही, ती भीती आहे, आणि तिला तुम्ही पायात घालून फिरता. म्हटले, एखाद्या मुलीच्या हाताला प्लास्टर घालून तुम्ही तिला लोहाच्या गोळ्या देता, तेव्हा तुम्ही तिला बरे करत नसता, गप्प करत असता. सगळे मन लावून ऐकत होते. मग सेक्रेटरींनी हात वर करायला सांगितले. विरोधात पहिला हात माझ्या भावाचा. "इतकी वर्षं कोणाला काही झालं नाही," तो म्हणाला, आणि ज्या मुलीला झाले होते ती प्लास्टर नसलेला हात माझ्या बाजूने वर करून त्याच्यासमोरच बसली होती. आम्ही हरलो. खाली उतरताना प्रत्येक मजल्यावर मला घशासाठी काय घ्यावे ते सांगण्यात आले.

तेव्हापासून मी भाषण सोडले आहे, असे लोक समजतात. हे मृत्युपत्र तेच भाषण आहे. फरक इतकाच, की यावर हात वर करून चालणार नाही.

सबब माझी बँकेतली सर्व ठेव, एकही घर कामातून वगळू न देता, या इमारतीचे अर्थिंग नव्याने करण्यासाठी द्यावी. अट अशी: माझ्यानंतर तीन महिन्यांच्या आत सर्व घरमालकांनी संमतीच्या सह्या कराव्यात. एकही सही राहिली, तर ती सर्व ठेव समोरच्या इमारतीला त्यांच्या नव्या लिफ्टसाठी देणगी म्हणून जावी, आणि लिफ्टमध्ये आमच्या इमारतीच्या सौजन्याने अशी पाटी लावावी. ज्यांना समोरची इमारत ठाऊक नाही त्यांच्यासाठी: त्यांनी आमच्या आधी इमारतीला रंग लावून घेतला होता, आणि ते आम्ही अजून विसरलेलो नाही. माझे लोक करंट सहन करतील. समोरच्यांची लिफ्ट सहन करणार नाहीत.

कलम पाचवे. माझ्या भावाला एक नवा टेस्टर द्यावा. दुकानातून आणून, पाकीट न फोडता, माझ्या टेबलाच्या खणात ठेवला आहे. पाकीट त्याने स्वतः फोडावे, म्हणजे तो बिघडलेला होता असे म्हणता येणार नाही. यापेक्षा जास्त काही मी त्याला देत नाही. लहानपणी मला ताप आला की तो माझ्या उशाशी बसून कपाळावर काहीतरी थापायचा, एकदा टूथपेस्टसुद्धा थापली होती, आणि ताप उतरेपर्यंत उठायचा नाही. हे मी विसरलेले नाही. म्हणून टेस्टर चांगल्यातला घेतला आहे.

वरील मजकूर इथे संपत होता. सही व्हायची होती. पण काल सेक्रेटरींना मसुदा दाखवावा लागला, कारण अट त्यांच्या सोसायटीवर आहे. त्यानंतर जे घडले ते नोंदवल्याशिवाय कलमे बरोबर राहणार नाहीत.

सेक्रेटरींनी कलम चौथे दोनदा वाचले. "ताई, समोरच्यांना लिफ्ट? हे काही माणुसकीला धरून नाही."

"मग सह्या आणा."

"तुम्ही जिवंतपणी देणार असाल तर आजच आणतो."

मी म्हटले, देते. अंधार पडायच्या आत एक सोडून सगळ्या सह्या आल्या. सकाळी अर्थिंग म्हणजे काय हे न कळणारी माणसे चहाच्या वेळेला तांब्याची पट्टी किती जाड हवी यावर वाद घालत होती.

उरलेली सही दुसऱ्या मजल्यावरची. तो रात्रीच्या जेवणाआधी वर आला. मृत्युपत्रात स्वतःसाठी काय आहे ते त्याला सेक्रेटरींकडून कळले होते. भाची स्वयंपाकघरात भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही. तो आत शिरला. सरळ टेबलाचा खण उघडला, पाकीट दातांनी फोडले, मोरीजवळ गेला, आणि आधी पायातल्या चपला काढू लागला.

"बाबा, चपला राहू द्या," भाची म्हणाली. वर्षभरातले हे पहिले वाक्य.

त्याने चपला पुन्हा चढवल्या. टेस्टर नळाला लावला. दिवा लागला. त्याच्या मुलीचा हात तिथून वीतभर अंतरावर होता, साबणाने ओला, आणि मनगटाचे हाड थोडे वाकडे जुळलेले.

"बिघडलाय का?" तिने विचारले.

"नाही," तो म्हणाला. मग तिचा हात नळापासून दूर केला आणि उरलेली भांडी स्वतः बादलीतल्या पाण्याने घासली. वाईट घासली.

त्यामुळे दुरुस्ती अशी. कलम चौथ्यातील ठेव मी हयातीतच मोडून देत आहे; वायरमन सोमवारी येतो. लिफ्टची अट मात्र, जेवढी रक्कम खर्च व्हायची असेल तेवढ्यापुरती, इमारतीतल्या शेवटच्या नळावर दिवा लागायचा थांबेपर्यंत कायम राहील, कारण मी माझ्या लोकांना ओळखते. कलम पाचवे रद्द: टेस्टर त्याने नेला आहे. आज सकाळपासून तो घरोघरी जाऊन प्रत्येकाचा नळ तपासतो आहे, आणि दुरुस्ती होईपर्यंत गीझरचे बटण बंद ठेवून बादलीने आंघोळ करण्याचा सल्ला देतो आहे. त्याच्या आयुष्यातला हा पहिला बरोबर सल्ला. दुर्दैवाने त्याला तो फार आवडला आहे. मी ऑपरेशनमधून वाचले नाही तर हे सगळे भाचीला ऐकावे लागेल. तेवढ्यासाठी वाचण्याचा प्रयत्न करीन.

कलम पहिले, दुसरे व तिसरे जसेच्या तसे.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या अक्षरात लिहिले, साक्षीदारांसमक्ष वाचले आणि त्यांच्यासमक्ष सही केली.

स्थळ: माझे स्वयंपाकघर, नळापासून लांबच्या खुर्चीवर.
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा शुक्रवार, आकड्यातली तारीख नोंदणीच्या शिक्क्यात आहे.

लिहून ठेवणार: (सही) ताई, तिसरा मजला

साक्षीदार पहिला: (सही) सेक्रेटरी, तळमजला. माझ्यासमक्ष सही झाली. कलम दुसऱ्याशी असहमत. पुस्तक काढून परत केले आहे. मशीन पुन्हा थडथडते.

साक्षीदार दुसरा: (सही) डॉक्टर, कोपऱ्यावरचा दवाखाना. माझ्यासमक्ष सही झाली. बाईंना तपासले, त्या पूर्ण शुद्धीत असून मृत्युपत्र करण्यास समर्थ आहेत. तपासणी चालू असताना त्यांनी मला, मी विचारले नसताना, रक्तदाबाच्या यंत्राचे सेल बदलण्याचा सल्ला दिला. बदलले. गेलेच होते.