कवडी व्याली त्या दिवशी

वळसंग,
२४ जानेवारी

चि. सौ. प्रियंका हिस अक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुम्ही दोघं सोलापुरात नीट राहायला लागलात असं टेम्पोवाल्या सिदूकडून कळलं. नळ खोलीतच आहे म्हणाला, ते बरं झालं. बिरूभाऊजींना कंपनीत पाळी कुठली मिळाली? थंडी फार आहे, कानाला बांधत जा. रानात जवारी पोटऱ्यातून बाहेर पडली, औंदा कणसं भरतील असं वाटतंय.

फोन केला की बिरूभाऊजीच उचलतात आणि तू झोपलीस म्हणतात. दिवसभर झोपणारी तू कधीच नव्हतीस. म्हणून लिहायला बसले. शिवाय फोनवर मला बोलता आलं नसतं, मी मध्येच रडले असते नाहीतर ओरडले असते. सिदूला सांगितलंय, हे तिच्याच हातात दे.

आपली कवडी व्याली. तीन करडं झाली. दोन आहेत. एक पाट आणि एक बोकड. पाट अगदी कवडीसारखी, कानावर पांढरे ठिपके. बोकड काळा आहे आणि फार लबाड आहे. चुलीजवळ ठेवलं तर पोत्यातून बाहेर येऊन माझ्या पदराला चोखतो.

तिसरं गेलं.

कसं गेलं ते तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण दुसरं कुणाला लिहू?

त्या दिवशी सकाळी मी कवडीच्या कासेला हात लावून बघितला होता. कास तटतटली होती, शेपटीजवळची हाडं सैल पडली होती. मी म्हणाले, आज ही व्यायचीच, मी काही मंगळवेढ्याला साखरपुड्याला येत नाही. तर तूच चुलीपासून उठून आलीस. "अक्के, तू जा की. मावशीच्या पोरीचा साखरपुडा काय रोज व्हतोय? मी हाय हितं. कवडीला सोडून कुटं जाणार न्हाय." तुझे दाजीही मागे लागले. माझ्या माहेरच्या माणसांत जायचं म्हटलं की ज्यांचं डोकं दुखतं, ते इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात उभे. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पण मी तुझ्यावर टाकून निघाले. तुझ्यावर कधी काही टाकलं आणि काळजी वाटली असं झालंच नव्हतं ना.

आम्ही दिवेलागणीला एसटीतून उतरलो. अंगणात टेम्पोच्या चाकांचे वण होते. तुमच्या खोलीचं दार सताड उघडं, आत पलंग नाही, पेटी नाही. आत्याबाई ओसरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "बिरूला सोलापुरात काम लागलं. गेली दोघं." जसं काही शेजारच्या गल्लीत गेलात. मी तुझ्या दाजींकडे बघितलं. ते चपला काढत होते, काढतच राहिले.

तेवढ्यात गोठ्यातून करडाचा बारीक आवाज आला.

कवडी आडवी पडली होती. वार अर्धी बाहेर लोंबत होती. दोन करडं ओलीचिंब, थरथरत होती, तिनं एकाचंच अंग थोडं चाटलं होतं. तिसरं तिच्या पायाशी. तोंडावरची पिशवी तशीच होती, प्रियंका. कुणी बोटानं फाडली असती, नाक पुसलं असतं, तर ते जगलं असतं. चांगलं हाडापेरानं मोठं होतं, तिघांत मोठं.

आत्याबाईंना मी विचारलं, तुम्हाला कळलं नाही? म्हणाल्या, "मी काशिबाईकडं बसायला गेलते. मला काय ठावं."

मी दोघांना पदरानं पुसलं, पोत्यात गुंडाळलं. कवडीचा चीक काढला. ती उठत नव्हती म्हणून आडवीच असताना काढला. बोकडानं बाटली लगेच धरली. पाटीला चोखायची ताकद नव्हती, बोट बुडवून बुडवून तिच्या जिभेवर ठेवलं. कवडीचे कान गार पडले होते आणि ती दात खात होती. तू लहान असताना तापात अशीच दात खायचीस.

सकाळी जनावरांच्या सरकारी दवाखान्यातले शरणबसव डॉक्टर आले. वार ओढू नका म्हणाले, ओढली तर रक्त जाऊन मरेल. गर्भपिशवीत गोळ्या ठेवल्या, इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं. सलाईनची बाटली मी हातात धरून उभी राहिले, कारण तुझे दाजी रानात निघून गेले होते. डॉक्टर म्हणाले, वाचली तर तुमच्या सेवेनं वाचेल, माझ्या औषधाचं निम्मंच समजा.

ते गेल्यावर मी तिच्याखालची घाण काढायला लागले. आणि तेव्हा बघितलं.

तिच्याखाली पोतं अंथरलेलं होतं. धुतलेलं पोतं, कडा आत दुमडलेल्या. गव्हाणीजवळ गुळाच्या पाण्याची बादली. तिच्या गळ्यातलं दावं सैल केलेलं, कळा देताना फास बसू नये म्हणून. हे सगळं मी तुला शिकवलेलं. आत्याबाई कडा दुमडत नाहीत. म्हणजे तिला कळा सुरू झालेल्या तू बघितल्या होत्यास. पोतं अंथरलंस, पाणी ठेवलंस, दावं सैल केलंस आणि टेम्पोत बसलीस.

पोतं नसतं, तर मी म्हटलं असतं, पोरीला माहीतच नव्हतं. मी स्वतःला तसंच समजावत बसले असते.

तुझे दाजी दुपारी जेवायला आले. मी ताट वाढलं नाही. म्हणाले, "सोड की आता. वेगळं ऱ्हायचं हुतं त्यांना, ऱ्हाऊ दे."

मी म्हणाले, "वेगळं राहायला मी अडवलं असतं? तोंडावर सांगायला काय झालं होतं? मला गावाबाहेर न्यायचं कशाला?"

ते टोपल्यातल्या भाकरीकडे बघत म्हणाले, "तिला दिवस गेल्यात."

मला एकदम आनंदच झाला बघ. खरं सांगते. एवढ्या सगळ्यात पहिल्यांदा आनंदच झाला. मी म्हणाले, अहो, मग ही तर चांगली गोष्ट, लपवायची कशाला?

तेव्हा ते म्हणाले, "आई म्हणली, पयल्या बारीला पोट टिकलं न्हाय. घरात एकीची कूस रिकामी हाय. तिची नजर पडती. ह्या बारीला पोरीला लांब ठेवा."

मी म्हणाले, "आणि प्रियंका?"

"ती पण व्हय म्हणली."

त्यानंतर त्यांनी स्वतःच ताट घेतलं आणि स्वतःच वाढून घेतलं.

मी गोठ्यात जाऊन बसले. कवडीचं डोकं मांडीवर घेतलं. प्रियंका, आत्याबाई जुन्या आहेत. त्या मला इतक्या वर्षांत याहून वाईट बोलल्यात, ते मी गिळलं. तुझे दाजी आईपुढे बोलत नाहीत, तेही मला माहीत आहे. पण तू? आई गेली तेव्हा तू माझ्या कडेवर होतीस. तुला दूर द्यायला नको म्हणून मी या घरात हट्ट धरून तुझं बिरूभाऊजींशी लग्न लावलं. तुझं पहिलं गेलं तेव्हा मी तुझ्या उशाशी बसून तुला भात भरवला, तुझे कपडे धुतले. तू माझा हात धरून झोपायचीस. तेव्हाही तुझ्या मनात हेच होतं का गं? हात धरून तू माझ्या डोळ्यांना भीत होतीस?

मला मूल नाही याचं दुःख मी एवढंही केलं नाही, कारण तू होतीस. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगून काही उपयोग नाही, तरी लिहिलं.

वार हळूहळू आपोआप पडली. पण कवडी खाईना. मी लिंबाचा पाला आणला, बाभळीच्या शेंगा आणल्या, जवारीची पेज करून नळकांड्यानं पाजली. पाट रोज मरेल असं वाटायचं. शेजारच्या रुद्रप्पाच्या शेळीचं दूध मागून आणलं. आज सकाळी कवडी स्वतः उठली. पाय लटपटत होते, पण उठली, अंग झाडलं आणि पाटीला हुंगलं. पाट खाली घुसली आणि पहिल्यांदा आईच्या सडाला तोंड लावून प्याली. थोड्या वेळानं कवडी उन्हात उभी राहून रवंथ करायला लागली.

आत्याबाई काठी टेकत आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "म्हाळसा, तुझ्या हाताला लई गुण हाय की गं. मेलेलं जित्तं केलंस."

मी म्हणाले, "आत्याबाई, हाताला गुण आणि नजरेला विख, हे एकाच बाईत कसं असतं? कवडीची पिल्लं तर मी दिवसभर डोळ्यांत तेल घालून बघत होते."

त्या आत निघून गेल्या. दुपारी जेवल्याही नाहीत. मी त्यांना बोलावलं नाही.

आता तुला सांगायचं ते एवढंच. पालेभाजी खा. जड बादली उचलू नको. नळ आत आहे म्हणून उगाच पाण्यात हात घालत बसू नको. रक्त तपासून घे आणि डॉक्टर गोळ्या देतील त्या टाकून देऊ नको, मागच्या वेळी तू अंथरुणाखाली लपवल्या होत्यास. पायावर सूज आली तर लगेच दवाखान्यात जा, घरातल्यांचं ऐकत बसू नको. आई नसलेल्या पोरीचं बाळंतपण थोरली बहीण करते. तुझ्यासाठी कुणीतरी बाई बघून ठेवायला बिरूभाऊजींना सांग. मी येणार नाही.

मूल झालं की सिदूजवळ निरोप दे. मुलगा का मुलगी, एवढंच. दोघं सुखरूप आहात एवढंच. मी बघायला येणार नाही. भिऊ नको.

तुझी जाऊ,
म्हाळसा